मोजे खिशात ठेवणारा माणूस

नवा स्पार्क प्लग माझ्या हातून सिमेंटच्या जमिनीवर पडला, मी तो पँटला पुसून तसाच इंजिनात बसवला, आणि पुढचे तीन महिने गाडीच्या चाकांना दोष देत हिंडलो.

एवढंच असतं तर सांगण्यासारखं काही नव्हतं. पडलेला प्लग बसवणारे जगात पुष्कळ असतील. पण गाड्यांच्या थरथरीवर डॉक्टरेट घेऊन मग पडलेला प्लग बसवणारे फार नसावेत. मी कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात साडेचार वर्षं घालवून ती मिळवली होती. जर्मनीत डॉक्टरेट मिळाली की ती दाराच्या घंटीवरच्या पाटीवरही लावतात. आमच्या इमारतीत बारा घंट्या होत्या आणि 'डॉ.' एकट्या माझ्याच घंटीवर. येता-जाता मी ती पाटी कोटाच्या बाहीनं पुसायचो. बायको म्हणायची, "पुसू नकोस इतकी, अक्षरं जातील."

आणि त्याच गावात, माझ्याच ऑफिसात, दादा होते.

दादा नागपूरचे. पन्नाशीला आलेले, बुटके, डोक्यावर बारा महिने तीच लोकरी टोपी. आयटीआय करून एसटीच्या वर्कशॉपमध्ये लागले, नोकरी करता करता डिप्लोमा केला, मग डिग्री, मग एका संशोधन संस्थेचं बोट धरून जर्मनीत आले. भेटल्यावर "जय भीम" म्हणत, मग तो समोरचा बव्हेरियाचा का असेना. चौदा एप्रिलला त्यांच्या घरी एवढी माणसं जेवायला येत, की जिन्यात चपलांऐवजी बुटांचा डोंगर व्हायचा. त्यात माझा साहेबही असायचा. माझ्याकडे गणपतीला तो एकदाही आला नव्हता. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण दर वर्षी मोजलं.

आमचं ऑफिस लहान, वीसेक माणसांचं. लोकांच्या गाड्या आमच्याकडे येत आणि त्या कुठे थरथरतात, कुठे गुणगुणतात, ते आम्ही यंत्रं लावून मोजायचो. माझ्याकडे यंत्रं होती. दादांकडे पाय होते.

म्हणजे असं. गाडी आली की दादा मागच्या सीटवर बसत. पुढे कधीच नाही. "पुढे बसलं का माणूस रस्ता पाहते, गाडी राहून जाते," हे त्यांचं मत. बसल्यावर बूट काढायचे. मग मोजे काढायचे. मोज्यांची नीट घडी घालून ती शर्टाच्या खिशात, पेनच्या शेजारी. आणि मग उघडे तळवे गाडीच्या तळाला टेकवून, डोळे मिटून म्हणायचे, "चला." बाहेर बर्फ असलं तरी यात फरक नाही. सुरुवातीला जर्मन लोक एकमेकांकडे बघत. नंतर नंतर ते दादा येण्याआधी मागच्या सीटखालचा गालिचा काढून ठेवू लागले.

दहा मिनिटांनी डोळे उघडून दादा सांगत, "डाव्या बाजूचं रबर गेलं." मग मी दोन दिवस यंत्रं लावायचो, चाळीस पानांचा अहवाल लिहायचो, त्यात रंगीत आलेख काढायचो, आणि शेवटच्या पानावर निष्कर्ष लिहायचो: डाव्या बाजूचं रबर गेलेलं आहे. साहेब अहवाल उघडायचा तो शेवटच्या पानापासून. एकदा मी त्याला म्हटलं, मधली पानंही वाचावीत. तो म्हणाला, "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि अहवाल कपाटात ठेवला.

खरं सांगायचं तर मला दादांचा मत्सर वाटायचा. मत्सर म्हणजे पोटात आग वगैरे नाही. बुटात खडा गेल्यासारखा. चालता येतं, पण प्रत्येक पावलाला आठवण.

एका संध्याकाळी माझी घंटी वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई, ऐंशीच्या घरातल्या, तेव्हाही स्वतः गाडी चालवणाऱ्या. मला वाटलं, पाटी वाचून आल्या. "हेर डॉक्टर," म्हणजे डॉक्टरसाहेब, त्या म्हणाल्या, "माझी गाडी निघताना गचके खाते." मी त्यांना आत बसवलं आणि क्लचची रचना कागदावर काढून समजावू लागलो. त्या शांतपणे ऐकत होत्या. चित्र पूर्ण झाल्यावर म्हणाल्या, "छान आहे. तुमच्या ऑफिसातल्या त्या अनवाणी गृहस्थांचा फोन नंबर द्याल का? त्यासाठीच आले होते."

दादांनी त्यांची गाडी बघितली. दोष क्लचचाच होता, पण दादांची खरी गंमत पुढे आहे. दादा पैसे घेत नसत, केक घेत नसत, आभारसुद्धा घेत नसत. त्यांची फी एकच होती. गाडीचं हे कसं झालं, ते मालकानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आजीबाईंनी लहान मुलीसारखा चेहरा करून सांगितलं की सिग्नलला थांबल्यावर त्या क्लचवरचा पाय उचलतच नाहीत, कारण मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला तर लगेच निघता यावं. दादा म्हणाले, "झालं. आता दुरुस्त होईल."

मी त्यांना विचारलं होतं, हा काय प्रकार. तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर, दुरुस्ती अर्धीच पान्ह्यानं होते. उरलेली अर्धी मालकाच्या तोंडात राहते. नाही बोलला, तर सहा महिन्यांनी पुन्हा तेच करते." मग जरा थांबून, "एसटीत एकानं सांगितलं नव्हतं. घाटात ब्रेक गेल्यावर सांगावं लागलं." पुढे मला विचारवलं नाही.

आता माझा प्लग.

आमच्या इमारतीच्या हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे भाडेकरूंच्या नियमावलीत, तळघरातल्या गॅरेजात गाडीची दुरुस्ती करायला सक्त मनाई होती. पण माझ्या जुन्या निळ्या कोंबीचे, म्हणजे लांब डिकीच्या घरगुती गाडीचे, चार प्लग बदलायला मेकॅनिककडे जायचं म्हणजे माझ्या पाटीचा अपमान. म्हणून ऑक्टोबरातल्या एका रविवारी सगळे जेवून आडवे झाल्यावर मी तळघरात उतरलो. दोन प्लग झाले. तिसरा बसवताना हाउसमायस्टरच्या, म्हणजे इमारत सांभाळणाऱ्या माणसाच्या, किल्ल्यांचा जुडगा खणखणला. मी दचकलो, प्लग हातातून सुटला आणि सिमेंटवर टणकन पडला. मी बॉनेट अर्धवट मिटलं आणि त्याच्यावर कोपर टेकून, उगाच गाडी आवडते म्हणून आलोय, अशा चेहऱ्यानं उभा राहिलो. हाउसमायस्टर गुटेन टाग करून गेला. मी प्लग उचलला. वरून तर ठीक दिसत होता. पुसला आणि बसवला.

वर जाऊन जाहीर केलं, "सर्व्हिसिंग मीच केलं." बायकोनं खूश होऊन शिरा केला. आमची सहा वर्षांची मुलगी शाळेत सांगून आली, माझा बाबा इंजिन उघडतो.

त्यानंतर आठवड्याभरात टायरवाल्याकडून थंडीची चाकं, म्हणजे बर्फासाठीचे वेगळे टायर, बसवून घेतली, आणि त्यानंतर आठवड्याभरात गाडी थरथरू लागली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की अंगात हीव भरल्यासारखी. संशयित दोन होते, एक माझा हात आणि एक टायरवाल्याचा. मी निःपक्षपातीपणे टायरवाल्याला धरलं. तीनदा त्याच्याकडून चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. ऑफिसातलं यंत्र लावून सरळ रस्त्यावर एकाच वेगानं गाडी चालवली, आलेख काढले आणि त्याच्या टेबलावर पसरले. तिसऱ्या वेळी तो म्हातारा मायस्टर, म्हणजे तिथला मुख्य कारागीर, चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "हेर डॉक्टर, चाकं गोल आहेत."

हे सगळं मी आणखी वर्षभरही चालू ठेवलं असतं. पण डिसेंबरातल्या एका शनिवारी मुलीला पोहण्याच्या क्लासला नेताना ऑटोबानवर चढायच्या वळणावर मी पाय दाबला आणि गाडी कधी नव्हे इतकी हादरली. वेग वाढेना. मागून ट्रक आला, त्यानं लांबलचक हॉर्न दिला. आम्ही कडेच्या पट्टीत कसेबसे शिरलो. मुलगी रडली नाही. घरी आल्यावर तिनं आईला जर्मनमध्ये सांगितलं की बाबाच्या गाडीत ती आता बसणार नाही. आईनं विचारलं, मग क्लासला कशी जाशील? ती म्हणाली, काकांच्या गाडीतून.

काका म्हणजे दादा. आणि दादा यायला लागले. दर शनिवारी नऊ वाजता. मी खिडकीतून बघायचो. माझ्याशी जर्मनमध्येच बोलणारी ही कार्टी त्यांच्या गाडीत बसताना मराठीत बडबडत असायची, कारण दादा लहान मुलांच्या जर्मनला उत्तरच देत नसत. "मले समजत नाही बेटा," म्हणायचे. गेनाऊ म्हणणाऱ्या साहेबाशी तासन्‌तास जर्मन बोलणारा माणूस. एकदा ती घरी येऊन आईला नागपुरी थाटात म्हणाली, "काहून गं?" आणि आई हसत सुटली. मला हसू आलं नाही.

तेव्हा मी एक गोष्ट केली ती आजवर लपवून ठेवली आहे. ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून मी बूट-मोजे काढले आणि डोळे मिटले. दहा मिनिटं. काहीच कळेना. मग काचेवर टकटक झाली. साहेब. त्यानं वाकून विचारलं, "तुम्ही कुणाची वाट बघताय?" तेव्हा लक्षात आलं की गाडी चालू केलेलीच नव्हती. मला त्यातून सर्दी झाली, सर्दीचा ताप झाला, डॉक्टरनं तीन दिवसांची क्रांकमेल्डुंग, म्हणजे आजारपणाच्या रजेची चिठ्ठी, दिली. तिसऱ्या दिवशी दादा आल्याचा काढा थर्मासमध्ये घेऊन आले. म्हणाले, "पाय गरम ठेवत जा." त्यांना कुणी सांगितलं होतं की नव्हतं, मला ठाऊक नाही.

शेवटी बायकोनंच त्यांना माझ्या गाडीचं विचारलं. मला न विचारता. दादा म्हणाले, "मी वाटच पाहून राहिलो होतो. पण मालकानं बोलावल्याशिवाय गाडीत बसत नाही मी." बायकोनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "या ना, शनिवारी."

त्या शनिवारी क्लासला सुट्टी होती. गावाबाहेर जंगलात चढणारा एक रस्ता आहे, तिकडे जायचं ठरलं. मुलगी माझ्या गाडीत बसायला तयार नव्हती, म्हणून दादांनी त्यांच्या गाडीची किल्ली बायकोला दिली. त्या दोघी मागून, आम्ही दोघं पुढे. दादा माझ्या मागच्या सीटवर. टोपी डोक्यावर, मोजे खिशात.

"सांगा डॉक्टर, गाडी काय म्हणून राहिली?"

"समोरच्या डाव्या चाकात काहीतरी—"

"थांबा. कशानं होते ते नका सांगू. काय होते तेवढं सांगा."

"थरथरते."

"केव्हा?"

"चालवताना."

"आता चालवूनच तर राहिले. कुठं थरथरते?"

खरंच थरथरत नव्हती. सपाट रस्ता होता, ऐंशीचा वेग होता. चढ लागला आणि मी पाय दाबला. कोंबी हादरायला लागली, दातावर दात वाजावेत तशी. दादा म्हणाले, "पाय काढा." काढला. हादरा गेला. "द्या परत." आला. "काढा." गेला. असं चार वेळा. आरशात मला मागची दादांची गाडी दिसत होती आणि तिच्यात पुढच्या काचेपर्यंत वाकून बघणारं एक लहान डोकं.

"धावल्यावर थरथरते ते चाक," दादा डोळे न उघडता म्हणाले. "मागितल्यावर थरथरते ते इंजिन. तुमची तर मागितल्यावर थरथरून राहिली."

मी साडेचार वर्षं याच विषयावर अभ्यास केला होता. हे वाक्य माझ्या प्रबंधात आहे. पान साधारण साठ, तीन समीकरणं लावून.

वर, चालायला येणाऱ्यांच्या पार्किंगमध्ये, आम्ही थांबलो. इंजिन गार होईपर्यंत दादांनी थर्मासमधून सगळ्यांना चहा दिला. मग पान्हा माझ्या हातात ठेवला. दुसऱ्याच्या गाडीला ते हात लावत नसत. "ज्यानं बांधलं त्यानं सोडावं." मी एकेक प्लग काढून बॉनेटच्या कडेवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवला. तीन बिस्किटाच्या रंगाचे, कोरडे. तिसऱ्या नंबरचा काळा आणि ओलसर. त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलनं ओढावी तशी एक बारीक काळी रेघ.

मुलगी टाचा उंच करून बघत होती. "काका, इथे रेघ आहे."

"हो बेटा. ठिणगी जिथं पाहिजे तिथं न जाता या चिरीतून पळून जाते. सपाटीवर चालून जाते, चढावर नाही. मग चारातले तीनच सिलिंडर गाडी ओढतात." आणि माझ्याकडे वळून, "आता बाबा सांगतील कसं झालं."

"बनवतानाच चीर असणार," मी म्हटलं. "हल्ली काही खरं नाही."

दादांनी चहाचा घोट घेतला. कोटाच्या खिशातून नव्या प्लगचं खोकं काढलं. म्हणजे ते घरूनच प्लग घेऊन निघाले होते. मी हात पुढे केला. त्यांनी खोकं दिलं नाही. रागानं नाही, नुसतं हातात धरून ठेवलं.

"अरे, काय सांगायचंय?" बायकोनं विचारलं.

मी जंगलाकडे बघितलं. पलीकडे कुत्र्याला घेऊन एक जोडपं चाललं होतं. मुलीनं दादांच्या गाडीच्या दाराला हात घातला होता, थंडी वाजत असावी. खोटं बोललो असतो तर ती त्याच दारातून आत गेली असती, आणि पुढच्या शनिवारीही, आणि त्याच्या पुढच्याही. दादा त्यावर काही बोलले नसते. मुकाट्यानं नऊ वाजता आले असते.

"पडला होता," मी म्हटलं.

"काय?"

"प्लग. तळघरात. माझ्या हातून. हाउसमायस्टर आला म्हणून दचकलो. पुसून बसवला तसाच."

बायकोनं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "आणि त्यावर मी शिरा केला."

"तीन महिने त्या टायरवाल्याला..." मी पुढे बोलायला लागलो, तर दादांनी खोकं माझ्या हातावर ठेवलं. "झालं. बसवा आता. हातानं फिरवून आधी, पान्हा शेवटी."

बसवता बसवता मी हळूच विचारलं, "दादा, तुम्हाला आधीच कसं कळलं होतं?"

"त्यात कळायचं काय. तुम्ही प्लग बदलले हे पोरीनं मले सांगितलं होतं, कौतुकानं. आणि तुम्ही तीन महिने चाकाकडं बोट दाखवून राहिले होते. माणूस तसंच करते, डॉक्टर. ज्याला आपला हात लागला नाही तिथंच दोष शोधते."

एवढं बोलून त्यांनी जुना प्लग वर्तमानपत्रात गुंडाळला. मला ते फेकून देतील असं वाटलं होतं. त्यांनी तो मला दिला. आज दादा नागपुरात आहेत, निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाली, आजीबाई गेल्या, साहेब बदलला. प्लग माझ्या टेबलाच्या खणात आहे. नव्या पोरांना मी तो कधीकधी दाखवतो. कुणाचा, ते सांगायला मात्र अजूनही जीभ जरा अडखळते.

त्या शनिवारी बॉनेट मिटलं. मुलगी जवळ आली. तिनं चक्क मराठीत विचारलं, "पडला तेव्हा आई ओरडली?"

"आईला माहीतच नव्हतं."

"आता ओरडेल?"

"घरी गेल्यावर."

तिनं यावर विचार केला. वस्तू हातून पडणं आणि मग न सांगणं, हा तिच्या रोजच्या ओळखीचा प्रकार होता; त्यात मी तिला बहुधा पहिल्यांदाच आपल्यातला वाटलो असेन. तिनं दादांच्या गाडीचं दार सोडलं, माझ्या कोंबीचं मागचं दार उघडलं आणि चढून बसली. दादा तिच्या शेजारी बसले. बायको म्हणाली, "मी येते मागून," आणि आम्ही आणखी वर, चढावर निघालो.

मी पाय दाबला. कोंबी नुसती निघाली. हादरा नाही, कुरकुर नाही, लोण्यातून सुरी जावी तशी. मला इतका आनंद झाला की मी समजावून सांगायला लागलो. ठिणगी म्हणजे काय, ती सोपी वाट का शोधते, चढावर दाब का वाढतो, इंजिन चारावरून तिनावर आलं की कुठला हादरा तयार होतो आणि तो सीटपर्यंत कसा पोचतो. दोन वळणं गेली, तिसरं गेलं. आरशात बघितलं तर मागे दोघंही डोळे मिटून बसलेले, आणि मुलीचे मोजे तिच्या जाकिटाच्या खिशातून बाहेर लोंबत होते.

मत्सर जात नाही एवढ्यानं. पण त्या दिवशी मला विचारायचा धीर झाला. म्हटलं, "दादा, खरं सांगा. असं पायानं ऐकणं मला जमेल का हो कधी?"

दादांनी डोळे उघडले, बाहेरच्या झाडांकडे बघितलं आणि फार सभ्यपणे काहीच बोलले नाहीत.

उत्तर त्यांच्या शेजारून आलं.

"बाबा, तुला नाही जमणार. त्यात गप्प बसावं लागतं."